दुकानाच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर: तयार पॅकेज घ्यायचं, की सोर्समधून स्वतः बनवायचं?



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दुकानाचं काम कसं चालवायचं ते पाहिलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपल्यापैकी अनेकांच्या काउंटरवरचं मशीन विंडोज ११ घेत नाही. मशीन चांगलं चालतंय, मग नवीन कशाला घ्यायचं, म्हणून बरेच जण लिनक्सकडे वळतायत. काही जणांनी तर यातच धंदा शोधलाय. जुनी मशीन घ्यायची, एसएसडी टाकायची, लिनक्स टाकून विकायची.

त्या व्हिडिओनंतर एक प्रश्न फार वेळा आला. "मॅडम, सोर्समधून कंपाइल केलेलं सॉफ्टवेअर जास्त फास्ट आणि जास्त सेफ असतं म्हणतात. मग दुकानात, गिऱ्हाइकाच्या मशीनवर तेच टाकू का?"

माझं मत आधीच सांगून टाकते. दुकानात तयार पॅकेज. सोर्स फक्त जिथं खरंच अडलंय तिथंच, आणि तेही हिशोब करून. आता हे असं का, ते नीट बघू.

एक सूचना: कमांड मी इथं उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितेय. प्रत्यक्षात त्या इंग्रजीत टाइप करायच्या असतात.

सोर्स म्हणजे काय, पॅकेज म्हणजे काय

वर्षाच्या मसाल्याचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, देठं काढायची, धणे-खोबरं-दगडफूल भाजायचं आणि डंकावर नेऊन कुटून आणायचं. हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे दुकानातून पाकीट आणायचं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर, तारीख असते. मसाला खराब निघाला तर कुणाला पकडायचं ते माहीत असतं.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर. माणसाला वाचता येतो, पण कॉम्प्युटर तो थेट चालवू शकत नाही. जीसीसीसारखा कंपायलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. हेच काम तुम्ही तुमच्या मशीनवर केलंत तर झालं सोर्समधून कंपाइल करणं. तेच काम दुसऱ्या कुणी आधी करून, तपासून, डबाबंद करून ठेवलं असेल तर ते पॅकेज.

हा "दुसरा कुणी" कोण? डेबियन, उबंटू, फेडोरा अशा डिस्ट्रिब्युशनचे लोक. डेबियन १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलं. उबंटू त्याच्यावर उभं आहे आणि आपण व्हिडिओत वापरलेलं लिनक्स मिंट उबंटूवर उभं आहे. या घराण्याची पॅकेजं "डेब" प्रकारची असतात. रेड हॅट आणि फेडोराकडची "आरपीएम" प्रकारची. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजमागे एक माणूस किंवा गट नेमलेला असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. मूळ लेखकानं नवीन आवृत्ती काढली, कुठं भोक सापडलं, दुसऱ्या कशाशी जुळत नाही असं दिसलं, की बघायचं काम त्याचं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा मुद्दा यावरच आहे.

किंमत शून्य, खर्च शून्य नाही

बीबीएला कॉस्टिंगमध्ये "मेक ऑर बाय" नावाचा धडा होता. वस्तू स्वतः बनवायची की बाहेरून घ्यायची. तेव्हा पेपरापुरता पाठ केला, दुकान चालवताना मात्र रोज कामाला येतो. फाइलची कव्हरं स्वतः कापायची की तयार घ्यायची, इथपासून.

लिनक्सच्या बाबतीत गंमत अशी की बनवा किंवा घ्या, दोन्हीकडे किंमत शून्य रुपये. त्यामुळे लोकांना वाटतं की दोन्ही सारखंच, उलट स्वतः बनवलेलं "ओरिजिनल". पण किंमत आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथं खर्च आहे तुमच्या वेळेचा, आणि तो पहिल्या दिवशी संपत नाही.

समजा तुमचा एक तास २०० रुपयांचा धरला. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, तुम्ही तुमचा टाका. एक सॉफ्टवेअर सोर्समधून बनवायला पहिल्यांदा ४ तास गेले. ८०० रुपये. वर्षात त्याच्या ६ सुधारणा आल्या आणि प्रत्येक वेळी बघा, उतरवा, पुन्हा बनवा, तपासा यात दीड तास गेला. ९ तास, म्हणजे १८०० रुपये. पहिल्या वर्षाचे झाले २६००. तेच पॅकेजनं केलं असतं तर "सुडो एपीटी इन्स्टॉल" आणि पुढं सॉफ्टवेअरचं नाव, ५ मिनिटं. त्यानंतरच्या सुधारणा सिस्टिमच्या अपडेटबरोबर येतात. उबंटूमध्ये तर सुरक्षेचे अपडेट आपोआप बसण्याची सोय आधीपासून चालूच असते.

आणि आता जी चूक मला फार जणांच्या हिशोबात दिसते ती. ते ८०० मोजतात, १८०० मोजत नाहीत. कारण ते १८०० कुणी करतच नाही! एकदा कंपाइल केलं, चाललं, विसरले. दोन वर्षांनी ते तसंच जुनं, भोकं पडलेलं चालू असतं आणि त्याच मशीनवर दुकानाचं बँकिंगही चालू असतं.

थोडक्यात, पॅकेज घेतलंत तर मेंटेनर दुसरा कुणीतरी आहे. सोर्समधून बनवलंत तर मेंटेनर तुम्ही.

कंपाइल करताना नेमकं काय होतं

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी. मूळ लेखकाच्या साइटवरून एक दाबलेली फाइल उतरवायची, तिला टारबॉल म्हणतात. ती उघडायची. मग जुन्या, रुळलेल्या पद्धतीत तीन पायऱ्या येतात: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल.

कॉन्फिगर तुमच्या मशीनची तपासणी करतं. कंपायलर आहे का, लागणाऱ्या लायब्ररी आहेत का. स्वयंपाकाला बसण्याआधी डबे उघडून बघतो तसं. नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो, कारण एक लायब्ररी नाही म्हणून ते थांबतं, ती टाकली की दुसरीवर थांबतं. त्यातही गोम अशी की लायब्ररी मशीनवर असते, पण कंपाइल करायला तिच्या "डेव्ह" नावाच्या जोडपॅकेजची गरज असते. कप्स ही छपाईची यंत्रणा तुमच्याकडे असेलच, पण प्रिंटरचा ड्रायव्हर बनवायचा तर "लिबकप्स-टू-डेव्ह" वेगळं टाकावं लागतं. डेबियन-उबंटूमध्ये कंपायलर आणि बाकी मूळ हत्यारं एकत्र हवी असतील तर "बिल्ड-इसेन्शियल" नावाचं पॅकेज आहे. गंमत बघा, सोर्समधून बनवायचं म्हटलं तरी हत्यारं तयार पॅकेजनंच येतात.

मेक म्हणजे प्रत्यक्ष शिजवणं. मेकफाइल नावाच्या कृतीप्रमाणे एकेक तुकडा कंपाइल होतो. मेक हे साधन १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बनवलं आणि अजून चालतंय. छोटा ड्रायव्हर असेल तर मिनिटभरात होतं. लिबरऑफिससारखं मोठं काही जुन्या दोन कोअरच्या मशीनवर बनवायला घेतलंत तर कित्येक तास जातील, रॅम कमी असेल तर मध्येच बंद पडेल, आणि तोवर काउंटरवर गिऱ्हाईक उभं.

मेक इन्स्टॉल तयार झालेल्या फाइली जागच्या जागी ठेवतं. बहुतेक वेळा "यूएसआर"च्या आतल्या "लोकल" फोल्डरमध्ये. ही जागा मुद्दाम तुम्ही स्वतः टाकलेल्या गोष्टींसाठी राखलेली आहे.

आता यातली अडचण. एपीटीला या फाइलींचा पत्ताच नसतो. त्याच्या वहीत नोंद नाही, म्हणून तो त्या अपडेट करत नाही आणि काढतही नाही. काढायला काही सॉफ्टवेअरमध्ये "मेक अनइन्स्टॉल" असतं, पण ते लेखकानं लिहिलं असेल तरच. नाहीतर एकेक फाइल शोधत बसा.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. टर्मिनलमध्ये तुम्ही प्रोग्रामचं नाव टाइप करता तेव्हा लिनक्स ठरलेल्या क्रमानं फोल्डर शोधतं, आणि नेहमीच्या मांडणीत "लोकल"मधलं आधी येतं. म्हणजे २०२३ मध्ये तुम्ही काही कंपाइल केलं असेल आणि आज तेच सॉफ्टवेअर एपीटीनं ताजं टाकलं, तरी चालेल ते जुनंच. अपडेट झाला असं स्क्रीन सांगतेय, तुम्ही निर्धास्त, आणि चालतंय भलतंच. शेल्फवर नवा माल लावला पण पुढच्या रांगेत मुदत संपलेला तसाच राहिला, तर गिऱ्हाइकाच्या हातात कुठला जाईल?

"पॅकेज जुनं असतं" ही तक्रार

ही तक्रार निम्मी खरी आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत किंवा उबंटूच्या एलटीएसमध्ये सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक जुना दिसतो. मूळ साइटवर दोन-तीन पायऱ्या पुढचा असतो. मग माणसाला वाटतं, जुनं म्हणजे असुरक्षित.

इथं एक खरी घटना सांगते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये "हार्टब्लीड" नावाचं भोक उघड झालं. ओपनएसएसएल म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणारी लायब्ररी. जगातल्या असंख्य सर्व्हरवर ती होती. त्या भोकातून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, पासवर्डसुद्धा, बाहेर काढता येत होता. मूळ प्रकल्पानं ७ एप्रिलला दुरुस्त आवृत्ती काढली, तिचा क्रमांक १.०.१जी. डेबियननं काय केलं? त्यांच्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत १.०.१ई होती. त्यांनी ती बदलली नाही. फक्त त्या भोकाची दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवली आणि अपडेट पाठवला. क्रमांक दिसायला १.०.१ईच राहिला, मागची डेबियनची स्वतःची जोडणी तेवढी एका आकड्यानं वाढली. याला बॅकपोर्ट म्हणतात.

त्या दिवशी पॅकेजवाल्यांनी अपडेटची कमांड दिली, सेवा पुन्हा सुरू केल्या आणि भोक बुजलं. चाव्या आणि पासवर्ड बदलायचं काम मात्र सगळ्यांनाच होतं. ज्यांनी ओपनएसएसएल सोर्समधून बनवली होती त्यांना आधी बातमी कळायला हवी होती, मग आपल्याकडे कुठल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते आठवायला हवं होतं, मग पुन्हा बनवून प्रत्येक ठिकाणी टाकायला हवी होती. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. तुमच्या दुकानात ती माणसं म्हणजे तुम्ही.

म्हणून नुसता क्रमांक बघून पॅकेजला जुनं म्हणू नका. स्थिर आवृत्तीचा अर्थच असा की वागणूक बदलायची नाही, भोकं मात्र बुजवत राहायची. दुकानाला हेच हवं असतं. बिलाचं बटण गेल्या वर्षी जिथं होतं तिथंच यंदाही.

नवीनच आवृत्ती हवी असेल तरी कंपाइल हा पहिला उपाय नाही. फ्लॅटपॅक, स्नॅप, अॅपइमेज असे मधले मार्ग आहेत. लिनक्स मिंटमध्ये फ्लॅटपॅक आधीच बसवलेलं येतं. डेबियनचं स्वतःचं बॅकपोर्ट भांडार आहे. उबंटूसाठी पीपीए असतात, पण पीपीए कुणीही काढू शकतं, तेव्हा ओळखीच्या प्रकल्पाचं नसेल तर मी हात लावत नाही.

सोर्स म्हणजे सेफ?

"सोर्स माझ्या डोळ्यांसमोर आहे, त्यात काही लपवता येत नाही." ऐकायला छान. पण तुम्ही तो वाचलात का? हजारो ओळी? मीही वाचत नाही.

२०२४ मध्ये घडलेली एक्सझेडची गोष्ट यासाठी प्रत्येकाला माहीत असावी. एक्सझेड हे फाइली दाबायचं साधं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्यावर दोनेक वर्षं नेटानं काम करून विश्वास मिळवलेल्या एका सहभागी व्यक्तीनं ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. उद्देश असा की एसएसएचमधून, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या दारातून, आत शिरता यावं. हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. त्याला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला! २९ मार्च २०२४ ला त्यानं जाहीर केलं.

आपल्या विषयासाठी यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ती चोरवाट सुरू करणारा तुकडा सार्वजनिक भांडारातल्या कोडमध्ये नव्हता, तो उतरवायला ठेवलेल्या टारबॉलमध्ये होता. म्हणजे भांडार उघडून ओळ अन् ओळ वाचणाऱ्यालाही तो सापडला नसता. दुसरी, ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीपर्यंत पोचली होती, पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचलीच नव्हती. ज्या "जुनेपणा"ला आपण नावं ठेवतो, त्यानंच वाचवलं.

बरोबरीनं हेही सांगायला हवं की पॅकेज म्हणजे देवाचा प्रसाद नाही. त्या चोरवाटेची रचना डेब आणि आरपीएम पॅकेजं बनवली जात असतानाच जागी होईल अशी होती. म्हणजे निशाणा पॅकेजवालेच होते. फरक एवढाच की पॅकेजवाल्यांकडे सही असते, चाचणीच्या शाखा असतात आणि अनेक डोळे असतात. एपीटी पॅकेज उतरवतो तेव्हा भांडाराची डिजिटल सही तपासतो, वाटेत कुणी फाइल बदलली तर नकार देतो. टारबॉल उतरवताना ही तपासणी तुम्हालाच करावी लागते. साइटवर दिलेला चेकसम जुळतो का, सही असेल तर खरी आहे का. किती जण करतात, सांगा.

फास्टचं काय?

तुमच्या प्रोसेसरला नेमकं साजेल असं कंपाइल केलं तर काही कामं थोडी वेगानं होतात हे खरं आहे. व्हिडिओ एन्कोडिंग, मोठी गणितं, असल्या कामांत. बिल बनवायला, जीएसटीचं पोर्टल उघडायला, झेरॉक्सला आलेली पीडीएफ छापायला त्यानं काही जाणवत नाही. तिथं वेग वाढवायचा तर एसएसडी टाका.

जेंटू नावाचं डिस्ट्रिब्युशन आहे, ते ओळखलंच जातं सगळं सोर्समधून बनवण्यासाठी. त्याच जेंटूनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की आता तयार पॅकेजंही मोठ्या प्रमाणावर देऊ. मला वाटतं यापुढं वेगळं बोलायची गरज नाही. शिकायचं म्हणून कंपाइल करा, जरूर करा. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच नावाचं मोफत पुस्तक आहे, त्यात आख्खी सिस्टिम एकेक सॉफ्टवेअर बनवून उभी करतात. पण रविवारी आणि वेगळ्या मशीनवर.

मग सोर्स लागतो कुठं? प्रिंटर आणि वायफाय

आता सगळ्यात उपयोगाचा भाग. दुकानदाराला सोर्सशी गाठ पडते ती बहुतेक या दोन ठिकाणीच.

झेरॉक्सच्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर अजून ठिकठिकाणी दिसतो. दणकट आहे, टोनर स्वस्तात भरून मिळतो, कुणी टाकून देत नाही. तो "कॅप्ट" नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरना ती येत नाही. प्रिंटर आणि कॉम्प्युटरमधलं बोलणं अभ्यासून काही हौशी प्रोग्रामरनी "कॅप्टड्रायव्हर" लिहिला आणि तो सोर्सच्या रूपात मिळतो. बनवणं अवघड नाही. ऑटोमेक आणि लिबकप्स-टू-डेव्ह टाका, मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. त्यानंतर "रास्टर-टू-कॅप्ट" ही तयार झालेली फाइल कप्सच्या फिल्टर फोल्डरमध्ये स्वतः कॉपी करावी लागते, कारण ती लोकलमध्ये बसते आणि कप्स तिकडं बघत नाही. बरेच जण इथं अडकतात आणि ड्रायव्हर खराब आहे म्हणतात. पण लक्षात घ्या, हा ड्रायव्हर प्रायोगिक आहे. दिवसाला हजार पानं काढणारं दुकान त्याच्या एकट्याच्या जिवावर ठेवू नका.

याच्या उलट एचपीचा लेझरजेट १०२०. तोही आपल्याकडे खूप. त्याच्यासाठी लोक अजून इंटरनेटवरच्या जुन्या लेखांतून सोर्स उतरवून कंपाइल करत बसतात, आणि डेबियन-उबंटूमध्ये "प्रिंटर-ड्रायव्हर-फू-टू-झेडजेएस" हे तयार पॅकेज आहे. म्हणून सवय लावा: कंपाइल करण्याआधी "एपीटी सर्च" मारून बघायचं.

बिलाच्या ५८ मिलिमीटरच्या स्वस्त थर्मल प्रिंटरसाठी "झेडजे-५८" नावाचा कप्स ड्रायव्हर सोर्समधून मिळतो. तो सीमेकनं बनतो. तरी आधी तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर ईएससी-पीओएस भाषेत थेट प्रिंटरशी बोलू शकतं का ते बघा. बोलत असेल तर ड्रायव्हरची गरजच नाही.

वायफायचं म्हणाल तर काही यूएसबी वायफायच्या डोंगलमधल्या रिअलटेक चिपचे ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्ये नसतात, ते सोर्समधून घ्यावे लागतात. इथं एक सापळा आहे. असा ड्रायव्हर त्या वेळच्या कर्नलसाठी बनतो. पुढच्या अपडेटला कर्नल बदलला की सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर वायफाय गायब, यूपीआयचा साउंडबॉक्स सोडून सगळं बंद. यावर डीकेएमएस नावाची सोय आहे, डेलच्या लिनक्स टीमनं २००३ मध्ये केलेली. ती नवीन कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बनवते. ड्रायव्हरच्या पानावर डीकेएमएसची पद्धत दिली असेल तर तीच वापरा. आणि डोंगल अजून घ्यायचाच असेल तर लिनक्सच्या कर्नलमध्ये ज्याची चिप आधीपासून आहे असाच घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील.

प्रिंटरच्या खरेदीलाही हेच लागू. कप्सच्या येऊ घातलेल्या ३ क्रमांकाच्या मालिकेत पीपीडी फाइलींवर चालणारे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलं आहे. म्हणजे आज कंपाइल करून बसवलेला ड्रायव्हर त्या मालिकेत तसाच चालणार नाही. नवीन प्रिंटर घेताना "आयपीपी एव्हरीव्हेअर" किंवा "एअरप्रिंट" चालतं का विचारा. असे प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवाय चालतात.

गिऱ्हाइकाला करून देणार असाल तर

जुनी मशीन लिनक्स टाकून विकणाऱ्यांनी हे नीट वाचा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर तुम्ही काही कंपाइल करून दिलंत, म्हणजे त्याचे मेंटेनर तुम्ही झालात. पैसे एकदाच घेतलेत आणि जबाबदारी कायमची. हा तोट्याचा सौदा आहे. म्हणून कंपाइल केलेली गोष्ट असेल तिथं वार्षिक देखभालीचा करार वेगळा करा आणि बिलावर ती ओळ वेगळी दाखवा: "प्रिंटर ड्रायव्हर, सोर्समधून, अपडेटची जबाबदारी १ वर्ष". गिऱ्हाईक करार नको म्हणालं तर तसं लिहून सही घ्या. पुढं भांडण होत नाही.

दहा गिऱ्हाइकांकडे तोच प्रिंटर असेल तर दहा वेळा कंपाइल करू नका. एका मशीनवर बनवा, त्याचं डेब पॅकेज करा आणि तेच त्याच आवृत्तीच्या सगळ्या मशीनवर टाका. "चेकइन्स्टॉल" नावाचं साधन मेक इन्स्टॉलच्या जागी वापरलं की साधं डेब तयार होतं. त्यामुळे एपीटीच्या वहीत नोंद होते आणि काढणं एका कमांडचं काम होतं. डेब करायचं नसेल तर कॉन्फिगर करताना "प्रीफिक्स" देऊन "ऑप्ट"मध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. काढायचं झालं तर बहुतेक वेळा तो एक फोल्डर उडवला की झालं.

कायद्याची एक बाजूही आहे. जीपीएल परवान्याचं सॉफ्टवेअर तुम्ही बनवून दुसऱ्याला देऊ शकता, त्याचे आणि तुमच्या कामाचे पैसेही घेऊ शकता. पण तयार केलेली फाइल ज्याला दिली त्याला सोर्सही द्यायची किंवा मागितल्यास मिळेल याची सोय करायची अट आहे. तेव्हा ज्या टारबॉलवरून बनवलं तो जपून ठेवा, पेनड्राइव्हवर नाही, व्यवस्थित.

एक वही करा. साधी शंभरपानी चालेल. गिऱ्हाइकाचं नाव, मशीन, सॉफ्टवेअर, आवृत्ती, कुठून उतरवलं, कॉन्फिगरला काय पर्याय दिले, कुठली डेव्ह पॅकेजं टाकली, तारीख. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती वही उघडून प्रत्येक नोंदीच्या मूळ साइटवर नवीन काही आलंय का बघा. ज्या महिन्यात ते बघायला वेळ मिळाला नाही, त्या महिन्यात नवीन काही कंपाइल करायचं काम घेऊ नका.

आणि दुसऱ्या कुणाकडून मशीन तुमच्याकडे देखभालीला आलं, किंवा सेकंडहँड घेतलं, तर आधी "यूएसआर"मधल्या "लोकल" फोल्डरच्या आत "बिन", "एसबिन" आणि "लिब" उघडून बघा, आणि "ऑप्ट"सुद्धा. ताज्या सिस्टिमवर "बिन" आणि "एसबिन" जवळपास रिकामे असतात. तिथं फाइली दिसल्या तर आधीच्या माणसानं काहीतरी हातानं बसवलंय. काय आहे ते कळेपर्यंत देखभालीचा दर सांगू नका.

तुमच्याकडे कुठला प्रिंटर आहे ते मॉडेल नंबरसकट कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत एलबीपी २९०० समोर ठेवून पूर्ण प्रक्रिया दाखवते, पॅकेज बनवण्यापर्यंत.